जल्लादच्या बाजूचा एकच माणूस

घाडीकाका सकाळी उठले की सगळ्यात आधी नळाला शिव्या घालत.

नळाला पाणी असो वा नसो. नसलं तर "तुका फटकी येवो!" आणि असलं तर "ह्या काय पाणी? कावळो तरी न्हायत काय ह्येच्यात?" नळ झाला की स्टोव्ह, स्टोव्ह झाला की चपलेचा तुटका अंगठा. मग काका दाराबाहेर येत आणि माणसांची पाळी सुरू होई. दूधवाला, पेपरवाला, तिसऱ्या मजल्यावरून कुंड्यांचं पाणी सांडणाऱ्या बाई, जिन्यात सायकल ठेवणारे, जिन्यात न ठेवता काकांच्या खिडकीला टेकवणारे, कुणी म्हणून सुटत नसे. कांदिवलीच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत होती, तीही बिल्डरने सिमेंट वाचवून बांधलेली. त्यामुळे सगळा कार्यक्रम मला अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येई.

आता मी स्वतः काही फार शांत माणूस नव्हे. बँकेत काउंटरवर बसतो, दिवसभर लोकांची कटकट ऐकतो, आणि घरी आल्यावर कुणी नुसतं "आज उशीर झाला?" विचारलं तरी माझं डोकं फिरतं. पण माझ्या रागाला काहीतरी कारण लागतं. काकांना तेवढीही गरज नव्हती. नुसता सूर्य उगवला तरी पुरत असे.

काका मूळचे मालवणकडचे. उभी हयात गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, गेली. गिरणी बंद पडली तेव्हा इकडे आले आणि एका औषधांच्या कारखान्याच्या गेटवर बसू लागले. गेटवर माणूस चोख. त्यांच्या तोंडाच्या भीतीने मालकाची गाडीसुद्धा हळू यायची म्हणे. लग्न केलेलं नव्हतं. का, असं माझ्या बायकोने, सुलभाने, एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "माज्या ह्या तोंडापुढे कोण रवतला? विषय संपलो!" 'विषय संपलो' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. विषय बहुतेक वेळा त्यांनीच काढलेला असे.

या माणसाच्या तोंडून गोड शब्द निघे तो जगात एकाच इसमासाठी. त्याचं नाव जल्लाद.

त्या काळी, म्हणजे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला, आमच्याकडे फ्रीस्टाइल कुस्त्यांचं भारी वेड आलं होतं. मातीतली कुस्ती नव्हे. मैदानाला पत्रे लावायचे, मध्ये दोऱ्या बांधलेला चौकोन, वर झगझगीत दिवे, भोंग्यावर गाणी, आणि मग रंगीत चड्ड्या घातलेल्या धिप्पाड लोकांनी एकमेकांना उचलून आपटायचं. एका रविवारी संध्याकाळी कांदिवली, मग मुलुंड, मग घाटकोपर, असं त्यांचं बिऱ्हाड फिरत असे. त्यांचा हिरो होता प्रिन्स प्रताप. कुरळे केस, पांढरी चड्डी, आत शिरताना चारी बाजूंना नमस्कार. आणि खलनायक हा जल्लाद. डोक्यावरून मानेपर्यंत काळा बुरखा, त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, गळ्यात जाड दोरखंड. तो मागून हल्ला करायचा, पंचाची पाठ वळली की प्रिन्सच्या डोळ्यांत बोटं घालायचा, आणि शेवटी सडकून मार खाऊन पळायचा. सगळं मैदान त्याच्या नावाने बोंब ठोकायचं. लोक तिकीट काढायचे तेच मुळी बोंब ठोकायला.

घाडीकाका जल्लादच्या बाजूने होते. अख्ख्या मुंबईत त्याच्या बाजूचा हा एकच माणूस असावा, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहायला आला होता!

त्यांच्या खोलीत देवाच्या फोटोखाली जल्लादचं पोस्टर होतं. पोस्टरवर मूळचे दोघे होते, प्रिन्स आणि जल्लाद, एकमेकांत गुंतलेले. काकांनी कात्रीने प्रिन्सला कापून काढलं. पण प्रिन्सचा एक पाय जल्लादच्या मानेवर राहिला. तोही कापायला गेले, तर त्याबरोबर जल्लादचा अर्धा खांदा गेला. त्याबद्दल पुढे कितीतरी दिवस शिव्या प्रिन्सने खाल्ल्या.

एकदा त्यांनी मला बळेच कुस्त्यांना नेलं. "चल रे, घरात बसून बायकोचा डोक्या खातंस, त्यापेक्षा चल." काकांची जागा प्रत्येक मैदानात ठरलेली, पहिल्या बाकावर, अगदी कोपऱ्याच्या खांबाशी. जल्लाद आला. मैदान पेटलं. माझ्यामागे एक सभ्य दिसणारे गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन जल्लादच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आणि या सगळ्या गदारोळात माझ्या शेजारून एक खणखणीत आवाज उठला.

"शाब्बास रे माज्या वाघा! जपून हां बाबा! डावो खांदो सांभाळ!"

मी मान खाली घातली. मागची दहा-वीस माणसं हसली. जल्लादने प्रिन्सचा गळा धरला होता, प्रिन्स जीभ बाहेर काढून तडफडत होता, बाया डोळे झाकून घेत होत्या, आणि काका ओरडले, "दमलंस काय रे? दम लागलो तर सोड तेका, मगे परत धर!" आता अर्धं मैदान हसायला लागलं. कुणीतरी शिट्टी घातली. जल्लादचे हात एक क्षण थांबल्यासारखे वाटले, पण काका इतके खूश होते की त्यांनी मला कोपर मारून सांगितलं, "बघ, ऐकता तो माजा."

परत येताना मी तापलो होतो. म्हटलं, "काका, हे सगळं खोटं असतं. आधी ठरलेलं असतं कोण जिंकणार ते. आणि तुम्ही त्या गुंडाला शाब्बास म्हणता? लाज आणलीत मला."

"खोटा? माका सांगतंस?" काका रस्त्यातच उभे राहिले. "अरे, माजो बापूस दशावतारात राक्षसाचा काम करी! राक्षस मरतलो ह्या काय लोकांका ठावक नसता? तरी शिव्या घालतत. खेळ संपलो की राजाक चाय, राणीक चाय, आणि राक्षस? तेच्या तोंडाचो रंग उतरापर्यंत किटली खाली! बापूस घराक येय तो कोरड्या घशान. ज्येना सगळ्यांका हसवल्यान, रडवल्यान, तेका चायचो घोट नाय! कोणीतरी नको तेच्या बाजून? विषय संपलो!"

मग मी रिक्षावाल्याशी भांडलो.

एवढं चाललं होतं, ते एका रविवारी मोडलं. आमच्याच मैदानात कुस्त्या होत्या आणि काकांनी मला पुन्हा ओढून नेलं होतं. जल्लादची वेळ झाली, आणि भोंग्यातून आवाज आला: "मायबाप प्रेक्षकहो! खतरनाक जल्लाद सध्या विश्रांती घेत आहे! त्याच्या जागी आपल्यासमोर येत आहे, जहरी बिच्छूऽऽ!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "सुटलो बाबा!" म्हणून ओरडलं आणि हशा झाला. हिरव्या चड्डीतला तो बिच्छू उड्या मारत आत आला आणि लोक लगेच त्याला शिव्या घालायला लागले. जल्लाद कुठे गेला, का गेला, एका माणसाने विचारलं नाही.

काका उभे राहिले. मला वाटलं, आता सुरू होणार. पण ते चौकोनाकडे पाठ करून लोकांकडे बघत होते. "टाळ्यो वाजवतत," ते म्हणाले. "इतकी वर्सां तेना मार खाल्ल्यान ह्येंच्यासाठी. आणि टाळ्यो वाजवतत!" मग मात्र त्यांनी जे तोंड सोडलं त्यात पहिला बाक, मागचे बाक, बिच्छू, बिच्छूचा बाप, भोंगेवाला, सगळे न्हाऊन निघाले. तिथून ते तंबूत घुसले; मॅनेजरची गचांडी धरायचीच तेवढी बाकी राहिली होती. मॅनेजर, एक तोंडात पान भरलेला माणूस, म्हणाला, "अहो आजोबा, घेतोय विश्रांती. सध्या. तुम्हाला काय करायचंय?"

'सध्या' म्हटल्यावर काकांचा चेहरा बदलला. ते एकदम वळले आणि चालू लागले.

त्यानंतरचे दिवस आमच्या बिल्डिंगने कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. काकांचा राग पूर्वी सकाळी चढून दुपारी उतरत असे. आता तो उतरेचना. दूधवाल्याने आमच्या बिल्डिंगला रतीब बंद करायची धमकी दिली. सुलभाने गरम भाकरी नेऊन दिली तर म्हणाले, "जल्लाद जेवलो असात काय, ता विचारलास कोणी?" ती परत येऊन मलाच तडकली, "जा बाबा, त्या जल्लादला कुठून तरी शोधून आण, नाहीतर मी माहेरी जाते."

मी तिरीमिरीत त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, बस झालं. एक माणूस चार दिवस घरी बसलाय, एवढंच ना? येईल परत."

"येयत?" काका पोस्टरखाली बसले होते. "गिरण बंद केल्यानी तेवा साहेब आमका काय म्हणालो ठावक आसा? 'सध्या घरी बसा.' सध्या! माजो साचो अजून थयसर आसा, धूळ खाता. मी गप घरी बसलंय. भांडूक नाय. सगळ्यांका शिव्या घालतंय ना मी? तेवाच नेमको गप बसलंय." त्यांनी मांडीवर मूठ आपटली. "आणि ह्यो पण बसलो! राग येता माका तेचो. एवढो मोठो गडी, मॅनेजराक उचलून आपटूचो, तर विश्रांती घेता म्हणे! माका तेका गाठूचो आसा. तेका सांगूचा आसा, एकदा घरी बसलंस की कोण बोलवक येणा नाय."

काकांच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाला जाऊन गाठलं. तो म्हणाला, जल्लाद खाडीपलीकडच्या मनोरीचा, नाव पास्कू, गावात कुणालाही विचारा.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मार्व्याहून होडीत बसलो. काकांनी आधी होडीला शिव्या घातल्या, मग भरतीला, मग शेजारच्या बाईच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीला, मग 'बोंबील बरे दिसतत' म्हणून तिच्याकडून घेतलेही. सगळ्या वाटेवर जल्लादला काय काय सुनवायचं ते घोकत होते. "पयला विचारतलंय, तुका लाज कशी नाय? मगे विचारतलंय, तुजे हात काय मोडले?" मला त्या पास्कूची काळजी वाटायला लागली होती.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. लहान मुलींचे दोन फ्रॉक, आणि त्यांच्या मध्ये, चिमटे लावून उलटं टांगलेलं, जल्लादचं डोकं. ओट्यावर एक आडव्या अंगाचा माणूस बनियन घालून कोंबड्यांना दाणे टाकत होता. चेहरा गोल, केस पिकायला लागलेले, चष्मा. एखाद्या प्राथमिक शाळेतला मास्तर म्हणून खपला असता.

मी काकांकडे बघितलं. काका गप्प. तोंड उघडं, आणि आवाज नाही! वाटेत घोकलेलं सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. ते त्या चष्म्याकडे बघत राहिले. शेवटी मलाच पुढे व्हावं लागलं. म्हटलं, "आम्ही कांदिवलीहून आलो. तुमचे फॅन."

"माझे?" पास्कू हसला. "प्रिन्सचे असाल. माझा फॅन असतो होय कुणी?" पण त्याने बसायला खुर्च्या दिल्या, आत चहाचं सांगितलं. मी विचारलं, दुखापत झाली का, विश्रांती का घेतली.

"कसली दुखापत! मॅनेजरने घरी बसवलं, साहेब. लोक हसायला लागले ना माझ्यावर." त्याने कोंबडीला पायाने हुसकलं. "आमचा धंदा सांगतो तुम्हाला. लोकांनी आपल्याला शिव्या घातल्या पाहिजेत. घाबरले पाहिजेत, चिडले पाहिजेत. ते चिडले तर प्रिन्सने मला मारल्यावर त्यांना मजा येते. आता तुमच्या कांदिवलीत, मुलुंडात, जिथे जाईन तिथे, एक म्हातारा येतो. पहिल्या बाकावर बसतो. मी प्रिन्सला धरला, सगळं मैदान पेटलं, की हा ओरडतो, 'जपून रे बाबा, खांदा सांभाळ!' लोक फुटतात हसून. आता तर पोरंटोरं त्याची नक्कल करतात. तो नसला तरी त्याच्या बाकाकडे बघून हसतात. जल्लादवर माणसं हसली की वाट लागली, साहेब. मॅनेजर म्हणाला, तू बस घरी."

मला कुठे बघावं कळेना. काका खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाल्यासारखे दिसत होते.

"तुम्ही त्याला कधी बघितलं नाही?" मी विचारलं.

"चष्म्याशिवाय? त्या बुरख्यातून? मला प्रिन्स दिसतो तेच खूप आहे. आवाज तेवढा ओळखतो. कधी कधी वाटायचं, मारावी उडी आणि जाऊन त्याचं तोंड धरावं."

आतून चहा आला. पास्कूने कप काकांच्या पुढे धरला. आणि काकांनी, तो कप न घेता, अगदी हळू विचारलं, "डावो खांदो कसो आसा आता?"

पास्कूच्या हातातला चहा बशीत सांडला.

कोंबड्या तेवढ्या आवाज करत होत्या. मला वाटलं, आता हा मनुष्य घाडीकाकांना उचलून समुद्रात टाकणार, आणि खरं सांगायचं तर माझी काही तक्रार नसती. पण तो समोरच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही होय ते?"

"मी," काका म्हणाले.

"खांदा बरा आहे." पास्कू चष्मा काढून पुसू लागला. "खरंच दुखायचा तो. सगळ्या मैदानात तुमच्या एकट्याच्या लक्षात आलं. शिव्या खात असायचो, आणि मधेच कुणीतरी आपल्या खांद्याचं विचारतंय. बरं वाटायचं हो, काका. मनापासून बरं वाटायचं. आणि तेवढाच राग यायचा."

काका एकदम उठले. "मी परत येणा नाय. मैदानात पाय ठेवूचंय नाय. तू जा कुस्तीक."

"त्याने काय होणार नाही. मॅनेजर एक चान्स देतो म्हणालाय, कांदिवलीतच. लोक पेटले तर राहा, हसले तर कायमचा घरी. आणि तुम्ही नसलात तरी ते तुमच्या बाकाकडे बघून हसणारच." पास्कूने काकांचा हात धरला. "तुम्ही या. आणि मला शिवी घाला. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. म्हाताराच उलटला म्हटल्यावर कोण हसतंय? एक शिवी, काका. एवढं कराल?"

"शिवी? तुका?" काकांचा आवाज चढला. बऱ्याच वेळाने त्यांना राग आला आणि मला हायसं वाटलं. "सगळ्या जगाक घालतंय, तां पुरे नाय काय? तुका एकट्याक तरी सोडूक दी माका!"

परतीच्या होडीत ते समुद्राला काही बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला एक शिवी घालायची म्हणजे काय अवघड? मलाही तसंच वाटलं. पण भिंतीपलीकडून मी जे ऐकलं ते सांगतो. काका पोस्टरसमोर उभे राहून सराव करत. "तुका फ... तुका फट..." मग शांतता. मग पुन्हा, "तुजा वाटोळा... वाटोळा..." आणि मग एकदम नळावर घसरत, "तू काय गळतंस रे मधीच!" नळाच्या वाट्याला त्या दिवसांत दुप्पट आलं. सुलभा म्हणाली, "अहो, तुम्ही शिकवा ना त्यांना, तुम्हाला छान जमतं." आमचं त्यावरून वेगळं भांडण झालं.

मी एकदा जाऊन त्यांना समजावलं. "काका, मनात नसताना घालायची. नाटक आहे ते."

"माका नाटक जमत नाय," ते कावून म्हणाले. "माका राग इलो तरच शिवी येता. आणि तेका बघितलंय तेवापासून तेचो राग येयना झालो. चष्मो लावून कोंबड्यांका दाणे घालता! कसो येयत राग?" ते खरोखरच हैराण झाले होते. "आणि नाय इली तर तो घरी बसतलो. माज्यामुळे. माका कळता सगळा, तू शिकव नको."

तो रविवार आला. काका धुतलेला सदरा घालून निघाले. मैदान भरलं होतं. काका त्यांच्या बाकावर जाऊन बसले तसे मागून दोघा-तिघांनी सुरू केलं, "शाब्बास रे वाघाऽ!" आणि हशा. मॅनेजर दोरीपाशी उभा होता. त्याने आधी लोकांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि पान थुंकला. प्रिन्सचे नमस्कार झाले. मग भोंग्याने नाव पुकारलं, "जल्लाऽऽद!" आणि तो आला. काळा बुरखा, दोरखंड, सगळं तेच. तो दोऱ्यांवर उभा राहून दंड ठोकू लागला. लोक ओरडले नाहीत. सगळे पहिल्या बाकाकडे बघत होते, म्हातारा आता काय बोलतो म्हणून, ओठांवर हसू आधीच तयार. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आजोबा, खांदा विचारा ना!"

काका उभे राहिले. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून ठेवलं होतं, का ते माहीत नाही. बुरखा आमच्या दिशेला वळला. त्याला काही दिसत नव्हतं, पण तो वाट बघत होता, ते मला कळत होतं. काकांच्या गळ्याची शीर फुगली. ओठ हलले. काही नाही. पुन्हा हलले. मागे खसखस सुरू झाली. मॅनेजर मान हलवून वळला.

आणि मग त्यांच्या पोटातून, इतक्या खोलातून की मी दचकलो, आवाज फुटला:

"मेल्याऽऽ! खंय मेल्लंस रे इतके दिवस?"

मैदान क्षणभर चिडीचूप झालं. काकांचा चेहरा लालबुंद, डोळे वाहत होते, आणि ते थांबेनात. "तोंड घेऊन इलो परत! कोणाक विचारून गेललंस? हयसर माणसां जीव टाकतत, आणि तू थयसर बसलंस? लाज नाय तुका? काळजी नाय कोणाची?" आवाज चिरकत होता. असा संतापलेला माणूस मी माझ्या आयुष्यात बघितला नाही. तो संताप खरा होता, त्यात नाटक नावालाही नव्हतं. आणि लोकांना तेवढंच हवं होतं. म्हातारा उलटला! मागून कुणीतरी "मारा साल्याला!" म्हणून किंचाळलं, आणि सगळं मैदान एकदम उठलं. चपला उडाल्या. बाया बाकावर चढल्या. मॅनेजर जागच्या जागी उड्या मारायला लागला.

जल्लाद दोऱ्यांवरून खाली वाकला. अगदी आमच्या डोक्यावर येऊन, बोट रोखून, तो गरजला, "ए म्हाताऱ्या! गप बस! घसा बसेल तुझा!"

लोक चवताळून पुढे धावले. घंटा झाली, प्रिन्सने त्याला मागून पकडलं, आणि खेळ सुरू झाला.

काका खाली बसले. धापा टाकत होते. मी घाबरून त्यांची पाठ चोळू लागलो. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी तोंड उघडलं की आम्ही सगळे दारं लावून घ्यायचो. त्यांना उलट बोललेला माणूस मी तोवर बघितला नव्हता. काकांनी माझा हात घट्ट धरला, आणि त्या सगळ्या गोंगाटात माझ्या कानाशी येऊन म्हणाले,

"ऐकलंस? माज्यावर ओरडलो रे. घरच्या माणसासारखो ओरडलो."